सायकल मार्गावरचे टिप्पर

किस्से ठरवून गोळा करता येत नाहीत, ते बातमीतून उरतात. जन्मभर तुमसरात बातमीदारी केली. बातमीत नाव, गाव, हुद्दा आणि 'संबंधितांनी लक्ष द्यावे' एवढंच बसतं. बाकी सगळं आपल्याकडे शिल्लक राहतं. आमच्या चौघांच्या सायकलींचे किस्से असेच शिल्लक राहिलेले आहेत. सांगायला सुरुवात करतो हसत, आणि अर्ध्यात माझंच डोकं फिरतं. तरी सांगतो.

आमच्यात मुख्य माणूस बोरकर काका. बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या बायकोला, शैलाकाकूंना, मोठ्या रोडवर रेतीच्या टिप्परनं उडवलं. स्कूटीवर भाजी आणायला निघाल्या होत्या, तिथंच गेल्या. त्यानंतर काकांनी त्या रोडवर पाय ठेवला नाही. घरात बसून भिंतीकडे बघायचे. मुलगी फ्रान्समध्ये राहते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. तिकडे तिनं बापाच्या हातात सायकल दिली आणि खेड्यापाड्यातून फिरायला सोडलं. परत आले तेव्हा माणूस बोलायला लागला होता.

टपरीवर काका सांगत होते, "सकाळी निघायचं. दोन्हीकडे गव्हाची शेतं. एक टेकडी चढायची, एक उतरायची. दुपारपर्यंत एक ट्रक नाही. एकदा मी रस्त्याच्या मधोमध होतो अन् मागून कार आली. ती बाई माझ्या मागं मागं हळू हळू येत राहिली. हॉर्न दिलाच नाही तिनं."

टपरीवाला नाना चहा गाळता गाळता म्हणाला, "बिघडला असन."

"अरे, बिघडला नव्हता."

"मंग बाई बिमार असन."

*

तसा रस्ता आपल्याकडेही आहे, हे काकांनीच शोधून काढलं. सिहोऱ्याच्या पुढे नहराच्या पाळीवरून एक कच्चा रस्ता नाकाडोंगरीच्या जंगलाकडे जातो. एका बाजूला कालव्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, आमच्या धानाच्या बांध्या. रस्त्याच्या तोंडाशी कोणे एके काळी लावलेला आडवा लोखंडी दांडा होता. त्याच्या बाजूनं सायकल जायची, शेळी जायची, चारचाकी जात नव्हती. काका त्या दांड्याला हात लावून म्हणायचे, "इथून पुढे फ्रान्स."

काका, मी, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या विमलताई आणि कापड दुकानवाले गजूभाऊ, असे चौघं दर रविवारी जायला लागलो. गजूभाऊंनी सगळ्यांसाठी हेल्मेट आणि चमकणारी पिवळी जॅकेटं आणली. हीच आमची चूक.

रोवणं, म्हणजे भाताची लावणी, चालू होतं. आम्ही दिसलो आणि बांधीतल्या बायांनी हातातले परे खाली टाकले. माणसं धावत पाळीवर आली. एक म्हातारा काकांच्या हँडलला धरूनच उभा राहिला.

"कोनाची जमीन जाते ते सांगा पयले."

विमलताई म्हणाल्या, "बाबाजी, आम्ही फिरायला आलो आहोत."

"फिराले? पिवळे कपडे घालून?"

"हो जी."

म्हातारा लोकांकडे वळून म्हणाला, "मागचे मोजनीवाले बी असेच म्हनत होते. त्यांच्या मागून जेसीबी आला."

आम्ही तेव्हा पोट धरून हसलो. म्हातारा चुकला नव्हता, फक्त थोडा लवकर बोलला होता.

*

गजूभाऊंना फोटो टाकल्याशिवाय चैन पडत नाही. नहर, धान, चार सायकली असे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत एका पुढाऱ्याच्या पीएकडे पोचले. त्यानं काकांना बोलावून विचारलं, "काय पाहिजे?"

काका म्हणाले, "काही नको. गाड्यांना मनाई असा एक बोर्ड लावून द्या, बस."

"बोर्ड कायले? साहेब सायकल मार्गच जाहीर करतात न."

उद्घाटनाच्या दिवशी स्कॉर्पिओ, बोलेरो आणि त्यांच्या मागं अजून बोलेरो अशी रांग दांड्यापाशी येऊन थांबली. मंडप आत होता. साहेब चालत जातील का, असं विचारायची कोणाची हिंमत नव्हती. पीएनं सिहोऱ्यातून वेल्डिंगवाला आणवला, गॅस कटर लावला आणि दांडा कापून नहरात ढकलून दिला.

विमलताई पुढे झाल्या. "अहो, दांडा आहे म्हणून तर हा सायकल मार्ग आहे."

"मॅडम, कार्यक्रम झाला का लावून देतो. नवीन लावतो, चांगला कलर मारून."

अशा रीतीनं जिल्ह्यातल्या सायकल मार्गाचं उद्घाटन झालं. आत गेलेल्या गाड्या मोजायच्या मी फंदात पडलो नाही. सायकली मात्र आमच्याच होत्या, तेवढ्याच.

*

साहेबांना सायकल येत नव्हती. त्यात गैर काही नाही, पण ते सांगवत नव्हतं. मग काकांचीच सायकल मोठ्या स्टँडवर चढवली, साहेबांना वर बसवलं, दोन्हीकडून दोन कार्यकर्त्यांनी पाठीला हात लावला. साहेब जोरात पायडल मारत होते, मागचं चाक हवेत गरगर फिरत होतं आणि पब्लिक टाळ्या वाजवत होती.

मी फोटो काढला. खाली ओळ लिहून पाठवली, 'मार्ग खुला, साहेब जागच्या जागी'.

सकाळी पेपर उघडला. 'सायकल चालवून दिला पर्यावरणाचा संदेश'. फोटो साहेबांच्या गुडघ्यापर्यंतच होता.

संपादकाला फोन लावला. "चाक कुठं गेलं?"

"जागा नव्हती," तो म्हणाला.

*

दांडा लागला नाही. नदीतून चोरून रेती उचलणाऱ्यांना आयता रस्ता मिळाला. मोठ्या रोडवर तपासणी असते, नहराच्या पाळीवर कोण बघतं? पुढच्याच रविवारी 'सायकल मार्ग' या हिरव्या बोर्डाखालून टिप्पर बाहेर पडताना काकांनी पाहिला. ते सायकलवरून उतरले आणि पाळीच्या खाली, चिखलात जाऊन उभे राहिले. टिप्पर गेला तरी वर येईनात. शेवटी गजूभाऊंनी हात धरून वर आणलं.

आम्ही पाटबंधारे खात्याच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब तरुण होते, इंजिनिअर होते, त्यांनी आम्हाला पाणी विचारलं.

"दांडा परत लावायला वरून मंजुरी लागते," ते म्हणाले.

मी म्हणालो, "कापायला घेतली होती?"

"कापायला कशाला लागते?"

त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

*

मग ठाण्यात गेलो. हवालदार ओळखीचा. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि काकांनाच समजावायला लागला.

"काकाजी, तुमी त्या रस्त्यानं जाताच कायले? टिप्परचा रस्ता आहे तो. उद्या काही झालं त पंचनामा मलेच करा लागन."

गजूभाऊ तापले. "टिप्परचा? अन् बोर्डावर काय लिहिलं आहे?"

"बोर्डाचं काय घेऊन बसले, गजूभाऊ? आमच्या दारावर 'आपले स्वागत आहे' असा बोर्ड आहे. वाटते काय तुमाले?"

एवढा खरा माणूस मला सरकारी खात्यात दुसरा भेटला नाही.

*

काकांनी यायचं बंद केलं. सायकल व्हरांड्यात, काका आत. पुन्हा भिंत. मुलीचा रोज फोन यायचा, कायमचे इकडेच या म्हणून. एकदा आम्ही तिघं बसलेलो असतानाच आला. तिनं फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही तरी सांगा न बाबांना."

गजूभाऊ म्हणाले, "जा न जी काका. तिथं रस्ते आहेत, हॉर्न न देनाऱ्या बाया आहेत. इथं काय ठेवलं आहे?"

काका म्हणाले, "तो त्यांचा रस्ता आहे. मले आपला पाहिजे."

मुलीनं फोन ठेवला.

*

आता शेवटचा. हा मी कोणत्याही पेपरला पाठवला नाही.

धानकापणीचे दिवस होते. काकांनी स्वतःच तिघांना बोलावलं. चला म्हणाले, नहरावर जाऊ. आम्ही पोचलो तेव्हा, दांडा होता त्या जागेवर त्यांनी सायकल आडवी टाकली होती आणि तिच्यामागं उभे होते. हेल्मेट, पिवळं जॅकेट, सगळं घालून.

समोरून टिप्पर आला. भरलेला, ओल्या रेतीचं पाणी गळत होतं. त्याच्या मागं अजून दोन. विमलताईंनी माझी बाही धरली. टिप्पर सायकलीच्या अगदी पुढ्यात येऊन थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. चाळिशीचा माणूस, डोक्याला दुपट्टा बांधलेला.

"ओ काका, बाजूले घ्या न. टाइम होऊन राहिला माहा."

काका म्हणाले, "गाडी बंद कर."

"काहून?"

"बंद कर म्हनतो न."

ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं, पुन्हा काकांकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मग खिडकीतून हात काढून मागच्यांना खूण केली. दुसरा बंद झाला. तिसरा बराच वेळ घुरघुरला आणि तोही बंद झाला.

नहरातलं पाणी ऐकू यायला लागलं. बांधीत विळे चालत होते, त्यांची खसखस ऐकू आली. कुठंतरी लांब एक पानकोंबडी ओरडली आणि थांबली. काकांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. आम्हीही काढलं.

ड्रायव्हर खाली उतरला. चपला टायरपाशी काढल्या, डोक्याचा दुपट्टा सोडला आणि आमच्या ओळीत येऊन, मान खाली घालून, हात जोडून उभा राहिला. मग माझ्याकडे सरकून हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं जी?"

काकांनी हेल्मेट घातलं, सायकल उचलली आणि रस्त्याच्या कडेला नेऊन उभी केली.

"जा आता," ते त्याला म्हणाले.