मुलाच्या गालावरचं काजळ
काजळाचा वास आला की आखातातल्या अजमानमधली ती सकाळ आठवते. शाळेत मुलांनी थोर व्यक्तींच्या वेशात जायचं होतं. नवऱ्याने मुलासाठी आपला आवडता कृष्णवर्णीय अभिनेता निवडला होता. नोकराच्या भूमिका नाकारत नायक झालेला. मी हौसेने मुलाच्या गालांना काजळ फासलं. ते पाहून नवरा दारातच थांबला. "बट बाबा, ही वॉज ब्लॅक," मुलगा म्हणाला. "मग मला रोज कोण काजळ फासतं रे?" असं म्हणत नवऱ्याने खोबरेल तेलाने मुलाचे गाल पुसले. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. आमचं लग्न ठरताना माहेरी त्याच्या काळ्या रंगाची थट्टा झाली होती, आणि मीही हसले होते. ते त्याने ऐकलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला तो नाही.