मीच काढायला सांगितलेली अंगठी

माझा नवरा समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोहोचवणाऱ्या जहाजावर खलाशी आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी मी नंदाखाल गावातल्या घरात त्याच्या रिकाम्या उशीशी बोलत काढली. प्रार्थनेत माझं एकच मागणं असायचं, त्याला घरी आण. पण तो यायचा तो सुट्टीच्या तारखेलाच, माझ्या मागण्याने एक दिवसही आधी नाही. त्यामुळे देवावर मी जरा रुसलेच होते. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचे ते सवयीने.

एका शनिवारी व्हिडिओ कॉलवर तो चहाचा मग धरून बोलत होता, आणि मला त्याचं उघडं बोट दिसलं. फादरांनी आशीर्वाद दिलेली, मी माझ्या हाताने घातलेली लग्नाची अंगठी तिथे नव्हती.

"अगं, या जहाजावरचा साहेब कडक आहे. कामावर अंगठी घालू देत नाही. कुठे अडकली तर बोट जातं म्हणतो."

मला तो बहाणाच वाटला. इतकी वर्षं न अडकलेली अंगठी आताच कशी अडकणार? "ती घातल्याशिवाय मला फोन करू नकोस," म्हणून मी कॉल तोडला. दहा मिनिटांत अंगठी घातलेल्या हाताचा फोटो आला, खाली लिहिलेलं, "आता कामावरही घालेन, हातमोज्याखाली." मी जिंकले, आणि मला रडू फुटलं. मला खरं तर तो हवा होता. तो मिळत नव्हता, म्हणून मी अंगठीवर हक्क गाजवत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्सात एकमेकांना शांती द्यायची वेळ आली तेव्हा मी मागे वळले. मागच्या बाकावरच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला हात जोडले. त्या जोडलेल्या हातांत एक बोट कमी होतं, अंगठीचंच. पुढची प्रार्थना माझ्या कानावरूनच गेली. बाहेर क्रुसापाशी तोच म्हातारा माझ्याजवळ येऊन हसला.

"तवापासून माज्या हाताकडं बगतेस, बाय. बोटीवर होतो मी. शिडीवरनं उडी टाकली, आंगठी अडकली. मी खाली आलो, बोट वरच रायलं."

"काढून ठेवायची होती ना," मी कसंबसं म्हटलं.

"बायकोनं घातलेली. म्हनून काढत नव्हतो."

मी तिथल्या तिथे फोन काढून लिहिलं, "अंगठी काढ. आत्ता. तुला माझी शपथ." मेसेज जाईना. मान वर केली तर म्हातारा गर्दीत निघून गेला होता. घरी येऊन मी देवमातेच्या, आमच्या माउलीच्या मूर्तीपुढे गुडघे टेकले. त्या दिवशी त्याला घरी आण म्हणायचं धाडसच झालं नाही. एवढंच म्हटलं, "माझा हात तिथवर पोचत नाही. तूच बघ."

चारच्या सुमारास त्याचा कॉल आला. तळहाताला पट्टी. कामावर निघता निघता मेसेज मिळाला, तशी त्याने अंगठी कपाटात ठेवली. तासाभरात तेलकट शिडीवरून त्याचा पाय सुटला आणि हात एका हुकावरून घासत खाली आला. चार टाके पडले. त्याने पंजा कॅमेऱ्यासमोर धरला.

"पाच आहेत. मोजून घे."

मी मोजली. हात लावून मोजता येत नव्हती, याचंच फार वाईट वाटलं.

त्या म्हाताऱ्याबद्दल मी पुढे दोन-तीन रविवार विचारलं. कुणाकडे तरी पाहुणे आले असतील, असं सगळे म्हणाले. असतील. मीही मग विचारायचं सोडलं.

सुट्टीत तो आला तेव्हा मी पुन्हा त्याला अंगठी घातली. निघायच्या दिवशी ती निघेना. माझ्या हातचं जेवून बोटं जाडावली होती. मग मीच साबण लावून काढली. आता ती माउलीच्या पायाशी असते. संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की मी ती माझ्या अंगठ्यात घालून बघते आणि परत जागेवर ठेवते. त्याला घरी आण, हे अजून रोज मागते. पण त्याआधी म्हणते, तो जिथे आहे तिथे तुझ्या हातात आहे.