केशरबाईच्या आवाजाची फीत

वलगावच्या शेषरावची पेटी मोठी जोरकस, हे आसपासच्या चार गावांना ठाऊक होतं. भीमजयंतीच्या कार्यक्रमाला तेव्हा कर्णा कुठला? मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत सूर पोचवायचा तो भात्याच्या जोरावर. गायची त्याची बायको, केशरबाई. लोक तिच्या गाण्यावर माना डोलवत आणि शेषराव समजे, आपल्या पेटीवरच डोलताहेत. नवरे असेच असतात.

चौसष्ट साली त्याच्या भाच्याने, धर्मपालने, टेपरेकॉर्डर घेतला. अकोल्यात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने मामा-मामीला बोलावून एक गाणं भरून घेतलं. "मामा, दमानं वाजवा," असं तो दोनदा बोलला. पण शेषरावचं म्हणणं सरळ होतं. आवाज वर्षानुवर्षं टिकवायचा, तर तो भरायलाही जोरातच हवा. त्याने भाता असा काही हाणला की यंत्रावरचा काटा टोकाला जाऊन बसला.

दोन वर्षांनी केशरबाई काविळीने गेली. मूलबाळ नव्हतं. रिकाम्या घराची शेषरावने कशीबशी सवय करून घेतली. पण तिचा चेहरा डोळ्यांपुढे असूनही आवाज निसटत चालला होता. एका सकाळी त्याने पेटी काढली, तिचा सूर धरून बसला, तरी तो आवाज काही आठवेना. तेव्हा मात्र तो घाबरला. तसाच उठला आणि अकोल्याची एसटी धरली.

धर्मपालने फीत चढवली. पेटी वाजली. नुसती पेटी. तिच्याआड कुणी बाई गात असावी, इतकंच कळत होतं.

"तिचा आवाज वाढव ना."

"दोन्ही एकातच भरले हायेत, मामा. तिचा वाढवला तं पेटीचाही वाढते."

शेषराव मान खाली घालून बसला. स्वतःची पेटी त्याला जन्मात पहिल्यांदा नकोशी झाली. गाणं संपलं, भाता थांबला. फीत मात्र फिरतच होती. आणि केशरबाई अगदी स्वच्छ बोलली, "तुमी लय जोरानं वाजोता. मले माहाच आवाज ऐकू नाई येत."

त्यावर फितीतला शेषराव मोठ्याने हसला.

दुकानातला शेषराव सरकून यंत्राला खेटून बसला.

"पुन्हा लावू का गाणं?" धर्मपालने विचारलं.

"गाणं नको. ते बोलून राहिली, तेवढंच लाव. अन् मी हासतो ना, त्याच्या आंधी थांबव."