व्याही आणि जांभळ्या टोप्या

बातमी आली तेव्हा मी मेथी निवडत होते. समीरराव, म्हणजे माझे जावई, हॉलमध्ये फोन कानाला लावून उभे होते. बराच वेळ नुसतं "हं... हं..." चाललं होतं. मग त्यांनी फोन खाली केला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "बाबा गेले." मनीषा, माझी मुलगी, आतून धावत आली आणि त्यांच्या खांद्याला धरून रडायला लागली. मी स्वयंपाकघरातच राहिले. त्या दोघांच्या मधे जाऊन उभं राहणं मला जमलं नसतं. समीरराव मिळेल त्या विमानानं एकटेच गेले. माझ्या नातीची, ईराची, शाळा होती, मनीषाचं ऑफिस होतं, आणि विहिणीनं एवढ्या लांब जायचं काही कारण नव्हतं. व्याह्यांचं सुतक विहिणीला नसतं. मला काही पाळायचं नव्हतं. मी मेथी निवडून संपवली, कारण ईराला संध्याकाळी जेवायला लागणार होतं. पण मनात सारखं येत होतं, की या माणसाबरोबर मी दिवसच्या दिवस एका घरात काढले, त्यांच्या मुलापेक्षा जास्त वेळ काढला... आणि आता रडायचं तर कुठल्या नात्यानं?

ईरा झाली तेव्हा मी सिंगापूरला आले. तीन महिन्यांसाठी आले होते. मग इथं राहायचा पास वाढवला, परत वाढवला. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली आणि गावाकडं माझ्या खोलीत आता दिरांनी ट्रॅक्टरचं सामान ठेवलंय. त्यामुळे परत कधी जायचं, असं मलाही कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. बुकित बातोकला नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. दाराला बाहेरून लोखंडी जाळीचं दुसरं दार. ईराच्या शाळेची व्हॅन येते तिथपर्यंत मी खाली जाते, त्याच्या पुढं कधी एकटी गेले नाही. व्याही आले ते विहीणबाई, म्हणजे समीररावांच्या आई, वारल्यावर. सांगलीकडचे, शाळेत पी.टी.चे मास्तर होते. मुलानं एकट्याला तिथं राहू दिलं नाही, घराला कुलूप घालून घेऊन आला.

आमच्याकडं मुलीची आई व्याह्यांसमोर बसत नाही. मी पदर सावरून आत असायची, ते हॉलमध्ये. सकाळी मुलं ऑफिसला गेली, ईरा शाळेत गेली, की घरात आम्ही दोघं आणि मधे भिंत. त्यांनी "विहीणबाई, चहा" म्हणायचं, मी कप टेबलावर ठेवून मागं फिरायचं. एवढंच. दुपारचं जेवण झाकून ठेवलं की मी ईराच्या खोलीत जाऊन बसायची, म्हणजे त्यांना मोकळेपणी जेवता येईल. कधीकधी संध्याकाळी मनीषा आली की मला वाटायचं, आज आपला आवाज आपण ऐकलाच नाही.

त्यांचं मात्र घरात मन रमत नव्हतं. आयुष्य मैदानावर गेलेलं. रोज सकाळी खाली उतरायचे, चालून यायचे. एकदा चालून आले ते शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरले. इथले सगळे ब्लॉक सारखेच. लिफ्टनं नवव्या मजल्यावर गेले, दार उघडंच होतं, चपला काढल्या आणि आत जाऊन पंख्याखाली बसले. वर हाक मारली, "विहीणबाई, पाणी!" आतनं एक चिनी बाई आली आणि किंचाळली. पुढं पोलीस, फोन, समीरराव ऑफिसातनं टॅक्सीनं... व्याही रात्री जेवताना हसत सांगत होते, "पाणी दिलं हो तिनं नंतर. तुमच्यापेक्षा गार होतं, विहीणबाई." पण समीरराव हसले नाहीत. "बाबा, आता एकटं खाली जायचं नाही," म्हणाले आणि त्यांची किल्ली काढून घेतली. त्या दिवसापासून ते जाळीच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. हात पाठीमागं बांधून, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या मास्तरासारखे.

मग एका सकाळी टीव्हीतून वेगळाच गलका ऐकू आला. मी कढईत रवा भाजत होते. काय चाललंय ते बघायला झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले, तर एका माणसानं चेंडू असा टोलवला की तो लोकांच्या डोक्यावरून पार बाहेर. व्याही उठून उभे राहिले आणि माझ्याकडं वळून ओरडले, "विहीणबाई! हलू नका तिथनं!"

मी घाबरले. मला वाटलं साप-बिप आहे.

"अहो, तुम्ही दारात आलात आणि आपल्यानं मारला. आता डाव संपेपर्यंत तिथंच थांबा. पाया पडतो."

"रवा जळतोय..." मी म्हणाले. दीड वर्षात त्यांच्याशी मी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य असेल.

"जळू दे! रवा परत आणता येतो."

तो अमेरिकेतला बेसबॉल होता. तिथं रात्र असते तेव्हा इथं सकाळ, म्हणून आमच्या नाश्त्याच्या वेळेला सामने लागायचे. मला इंग्रजी वाचता येत नाही. मी टोप्यांवरून ओळखायची. आमच्या संघाच्या टोप्या वांग्याच्या रंगाच्या होत्या, म्हणून व्याही त्यांना वांगीच म्हणायचे. "आज वांगी करपली," "आज वांगी मस्त शिजली," असं चालायचं. त्यांना हा खेळ नवा नव्हता. शाळेत ते मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचे आणि हा त्याचाच थोरला भाऊ. त्यांच्या मुली जिल्ह्याला खेळायच्या. सांगताना ते नावं घ्यायचे, ही डावखुरी, ती पळायला वाऱ्यासारखी पण घरचे पाठवायचे नाहीत, मग हे तिच्या आजोबांच्या पाया पडून घेऊन यायचे. मला म्हणाले, "सोपं आहे. होमवरनं निघायचं, तीन बेसांना शिवायचं आणि परत होमला यायचं. आलात तर एक धाव. मधेच अडकलात तर केलेलं सगळं फुकट." आणि मग टीव्हीकडं बघतच म्हणाले, "मी बघा, तिसऱ्या बेसवर आहे. मागं जाता येत नाही आणि पुढं कुणी सोडत नाही."

 दुसऱ्या दिवशी सामना लागायच्या आधीच मी दारात जाऊन उभी राहिले. कणीक तिथंच मळायची, शेंगा तिथंच सोलायच्या. बसले तर चालत नव्हतं, आत गेले तर चालत नव्हतं, हॉलमध्ये आले तर मुळीच नाही. मनीषाला कळल्यावर ती म्हणाली, "आई, तू बाबांचं काय ऐकतेस? पाय सुजतील." पण मला ते दार आवडायला लागलं होतं. तिथं उभं राहायला मला कारण मिळालं होतं.

वांगी जिंकत जिंकत शेवटच्या मालिकेत गेली. सात सामने, ज्याचे आधी चार होतील तो विजेता. आणि तिथं जाऊन त्यांनी हाय खाल्ली. एक जिंकला, तीन हरले. त्या रविवारी समीरराव घरी होते. व्याह्यांनी पोहे खाता खाता नेहमीचा विषय काढला, "मला घरी जाऊ दे आता."

"बाबा, परत तेच. तिकडं कोण आहे तुमचं? रात्री काही झालं तर?"

"माझं घर आहे. मैदान आहे."

"इथं काय कमी आहे?"

व्याह्यांनी बशी खाली ठेवली. मग टीव्हीकडं बोट करून म्हणाले, "ही वांगी जिंकली तर पाठवशील?"

समीरराव हसले. "ही? तिन्ही सामने लागोपाठ? बाबा, ही जिंकली तर मी स्वतः तिकीट काढतो."

"विहीणबाई, तुम्ही साक्षीला. आणि सूनबाई, तू पण."

"मी नाही हं यात," मनीषा म्हणाली. ईरा खुर्चीवर उभी राहून इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली, "आजोबा, कॅनॉट विन ला! दे आर सो लाउझी!"

"तुझी आजी दारात उभी आहे तोवर कॅन," व्याही म्हणाले.

ते थट्टेत म्हणाले, पण मी ते घेऊन बसले. पाचवा सामना जिंकला. सहावा जिंकला. सहावा संपल्यावर मी चहा द्यायला गेले. "विहीणबाई, एकच राहिला," म्हणाले. कप ठेवून मी मागं फिरले. ते गेले की या घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी आणि फ्रिजचा आवाज. मला कोण म्हणणार, हलू नका म्हणून? कुणीतरी घरात आहे, खोकतंय, वैतागतंय, माझ्या उपम्याला नावं ठेवतंय... एवढंच माझं होतं, आणि ते घालवायला मीच तिथं पाय रोवून उभी राहत होते.

सातव्या सामन्याला दोघांची बरोबरी चालली होती. मग आठव्या डावात वांग्यांची एक धाव झाली. आता फक्त शेवटचा, नववा डाव तेवढा सांभाळायचा. आणि ईराची व्हॅन यायची वेळ झाली. पोर चार वर्षांची, खाली कुणी नसलं तर व्हॅनवाली सोडत नाही, परत घेऊन जाते. मी पदर खोचला, किल्ली घेतली.

"थांबा," व्याही उठले. "तुम्ही हलायचं नाही. किल्ली द्या, मी जातो."

"अहो, पण तुम्हाला खाली..."

"माहीत आहे मला."

"शेवट बघायचा राहील तुमचा."

"बघून काय करायचंय मला? जिंकायचंय." त्यांनी हात पुढं केला. मी किल्ली टेबलावर ठेवली, त्यांनी उचलली. लोखंडी दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

घरात मी एकटी. समोर टीव्ही. समोरच्या संघाचा एकजण पहिल्या बेसवर पोचला. मग पुढचाही पोचला. लोक उभे राहून ओरडत होते आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. माझ्या मनात काय आलं ते मी लिहिते. मनात आलं, की आता मी आत जाऊन गॅससमोर उभी राहिले तर कुणाला कळणार आहे? माझं उभं राहणं आणि तिथल्या पोरांचं खेळणं, याचा काही संबंध नाही, एवढं मलाही समजतं. पण त्या वेळी होता. त्या वेळी मला वाटत होतं, त्यांचं घर माझ्या दोन पायांवर आहे. गुडघ्यात कळ येत होती. मी दाराची चौकट धरली. दुसरा बेस, तिसरा बेस... त्यांचा माणूस तिसऱ्या बेसवर येऊन थांबला, होमकडं बघत होता. फेकणाऱ्यानं फेकला. मारणाऱ्याची बॅट नुसती हवेत फिरली. आणि एकाएकी सगळी जांभळी पोरं पळत येऊन एकमेकांच्या अंगावर पडली.

मी हलले नाही. कोण जिंकलं याची खात्री होईना. मग पडद्यावर एक म्हातारा दिसला, जांभळी टोपी घातलेला, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. तेव्हा कळलं.

बाहेर लिफ्ट वाजली. ईराचा आवाज आला, "आजी! आजोबा वाँट टू गो राँग ब्लॉक अगेन! आय टोल्ड हिम नो!" मी हॉल ओलांडून दाराशी गेले. व्याही जाळीच्या पलीकडं ईराचं दप्तर खांद्याला लावून उभे होते. दार उघडायचं सोडून माझ्या तोंडाकडं बघत होते.

"काय झालं?"

"जिंकली," मी म्हणाले.

ते दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावरच बसले.  मग म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही आता जरा बसा."

समीररावांनी शब्द पाळला. चिडले, दोन दिवस बोलले नाहीत, पण पाळला. व्याही गावी गेले. तिकडून एकदा व्हिडिओवर फोन केला, मनीषाला म्हणाले, विहीणबाईंना दे. त्यांच्या संघातल्या जुन्या मुली भेटायला आल्या होत्या, त्यातल्या दोघी आता आज्या झालेल्या. मागं मैदान दिसत होतं, धुळीचं. "रोज जातो," म्हणाले, "कुणी किल्ली मागत नाही." त्यांच्या तोंडावर ऊन होतं. असं मी त्यांना इथं कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मैदानावरून घरी आले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

समीरराव परत आले. जेवताना एकदा ताटाकडं बघत म्हणाले, "ती पैज हरलो नसतो तर बाबा असते. इथं हॉस्पिटल पाच मिनिटांवर आहे." मनीषानं त्यांचा हात धरला. मी पोळी घेऊन आले होते. पोळी वाढली आणि म्हणाले, "ते इथं झोपायचे नाहीत, समीरराव. पहाटेपर्यंत खोलीत फेऱ्या मारायचे. मला ऐकू यायचं." जावयाशी मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. पोळी खाल्ली.

मागच्या आठवड्यात माझा पास परत वाढवून मिळाला. समीररावांनी व्याह्यांची खोली रिकामी केली, नवी चादर घातली आणि मला म्हणाले, "आई, किती दिवस ईराच्या खोलीत खाली झोपणार? ही खोली आता तुमची. कायमची." भल्या मनानंच म्हणाले. मी त्या खोलीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना खिडकी आहे, झाडं दिसत असतील. खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसतो. बांबूवर वाळणारे कपडे, आणि बरोबर समोर तशीच एक खिडकी.

त्या खिडकीत बनियन घातलेला एक चिनी म्हातारा असतो. पहिल्या सकाळी मी पडदा सारला तर त्यानं हात वर केला. मी मागं सरकले. दुसऱ्या दिवशी त्यानं परत हात वर केला आणि माझ्या मागं खोलीत बघायला लागला. मग दोन्ही हातांत बॅट धरल्यासारखं करून हवेत फिरवली आणि तळवे उघडे करून दाखवले... कुठं आहेत ते? म्हणजे या दोघांचं रोज काहीतरी चालायचं, आणि मला भिंतीपलीकडं पत्ता नव्हता. मला काय दाखवावं कळेना. शेवटी मी हात लांब केला, आकाशाकडं नाही, नुसता लांब, आणि मग दोन्ही हात जुळवून घराचं छप्पर केलं. तो समजला. खूश झाला, मान डोलावली, हसला. मी त्याला खोटं काही सांगितलं नाही.

मग त्यानं माझ्याकडं बोट केलं, आणि स्वतःच्या डोक्यावर दोन्ही हातांचं तसंच छप्पर करून दाखवलं. आणि तुम्ही?

तो रोज सकाळी तिथं असतो. त्याला काय दाखवायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.