आजारी ताई आणि पेंटरची पंचाईत

पाट्या रंगवायचा म्हणून सगळे त्याला पेंटरच म्हणत. माणूस अबोल. ताप आला की तोंडावर चादर ओढून भिंतीकडे वळायचा. कोणी "कसं वाटतंय?" विचारलं तरी त्याचं डोकं उठायचं. बायकोला हे ठाऊक होतं. ती उशाशी पाणी ठेवून दार लोटून घ्यायची.

एकदा दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं. पेशंट बसतात त्या खोलीच्या भिंतीवर निरनिराळ्या धर्मांतली एकच शिकवण, ज्याच्या त्याच्या शब्दांत, ओळीखाली ओळ लिहायची होती. हिंदू, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, शीख. दुसऱ्याला आपल्यासारखं समजा, हेच सगळ्यांचं म्हणणं. अक्षरं काढताना पेंटर सहसा अर्थाच्या भानगडीत पडत नसे. इथे मात्र अडकला. काही ओळी म्हणत होत्या, स्वतःला हवं ते दुसऱ्याला द्या. काही म्हणत होत्या, स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नका. हे एकच की वेगळं, त्याला ठरवता येईना.

त्यातच त्याच्या थोरल्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेही त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर. पेंटर वर फिरकला नाही. बायकोच्या हाती फळं पाठवली, रोज चौकशी केली आणि ताईला निवांत पडू दिलं. आपण अगदी भिंतीवर लिहिल्यासारखं वागतोय, असं त्याला मनापासून वाटत होतं.

शेवटी बायकोनेच त्याला वर पिटाळलं. ताईने मान फिरवली.

"खाली रंग फासत बसलास, आणि जिना चढायला पाय दुखले तुझे?"

"अगं, मला आजारपणात कोणी आलेलं सोसत नाही. म्हटलं, तुलाही..."

"मी म्हणजे तू आहेस का?"

दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन गेला आणि कधी नव्हे ते बोलत सुटला. रंगांचे भाव, शेजाऱ्यांचं भांडण, काय वाटेल ते. ताईने डोळे मिटले. "हळू रे. टाके ओढतात." तो गप्प बसला. जरा वेळाने ती म्हणाली, "आता काय मिठाची गुळणी धरलीस?"

खाली येऊन त्याने डॉक्टरीणबाईंनाच गाठलं. "समोरचा आपल्यासारखा नसेल तर यातली कुठली ओळ धरायची?"

"त्यालाच विचारायचं, तुला काय हवंय म्हणून."

"विचारलं ना निघताना. ताई म्हणते, हेही विचारावं लागतं का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मग भिंतीकडे बघत राहिल्या आणि आत गेल्या.

पुढच्याच आठवड्यात शिडी घसरली. पेंटरचं मनगट मोडलं, शेवटची ओळ अर्धीच राहिली. तोवर ताई हिंडूफिरू लागली होती. ती सकाळीच त्याच्या घरी हजर झाली. उशी सारखी कर, प्लॅस्टरवरून हात फिरव, मिनिटामिनिटाला कसं वाटतंय ते विचार. पेंटरचं डोकं भणभणलं. जा म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण तिला स्वतःला जे हवं होतं, तेच ती हातचं न राखता त्याला देत होती. हे लक्षात आल्यावर त्याने मान उचलून तिला उशी सारखी करू दिली.

संध्याकाळी ती गेली. बायकोने नेहमीसारखं उशाशी पाणी ठेवलं, दार लोटून घेतलं. पेंटर भिंतीकडे वळला. खोली शांत होती, तरी त्याला चैन पडेना.

"दार जरा उघडं ठेव गं," तो म्हणाला.

"का? ताईंना बोलावू परत?"

"नको."

"मग?"

"काय माहीत," पेंटर म्हणाला.

तिने दार उघडं ठेवलं.