न धुतलेली खडी

तुरटीकाकांना कुणी पाण्याचा पेला दिला की ते आधी तो उजेडाकडे धरायचे. घरी, दारी, दवाखान्यात, कुठेही. व्याह्यांकडे पहिल्यांदा गेले तेव्हाही धरला, वर "जरा गढूळ वाटतंय" असंही म्हणाले, आणि लेकीचं लग्न त्या पेल्यात बुडता बुडता वाचलं. चौतीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात काढलेला माणूस. पाण्यात तुरटी सोडायची, गाळ खाली बसवायचा, क्लोरीन द्यायचं, जे जे जिवंत असेल ते मारायचं, हा धंदा. लोकांनी तुरटी नाव ठेवलं ते उगाच नाही. त्यातून जिवाला चैन कसली ती नाही. बसले तर पाय हलणार, पाय धरून ठेवला तर बोटं वाजणार.

त्या केंद्रात शिरल्या शिरल्या एक काचेची टाकी होती. नदीचं पाणी आत आलं की आधी त्या टाकीतून जायचं, आणि टाकीत होते सात मासे, वीत वीत लांबीचे. ते सैरभैर झाले की ओळखायचं, पाण्यातून काहीतरी विपरीत आलंय, झडप बंद करा. त्यातल्या पंख फाटलेल्या थोराडाला काका कोतवाल म्हणत. काका निवृत्त झाले, आणि दोन वर्षांनी मासेही झाले. त्यांच्या जागी यंत्र आलं.

नव्या इंजिनिअरबाईंचा फोन आला. "काका, महिनाअखेरीला टाकी काढायचीय. मासे नेता का? नाहीतर कुणाच्या तरी कढईत जातील."

"बाई, त्या माशांनी अख्ख्या शहराचं पोट राखलंय, आणि तुम्ही त्यांना लोकांच्या पोटात घालताय," काका म्हणाले, आणि फोन ठेवायच्या आधीच पेन्सिल शोधायला लागले.

आता नुसता हौद बांधून गप्प बसतील तर ते काका कसले. खाली मासे, वर झाडं. माशांची घाण झाडांना खत, आणि झाडांनी निवळलेलं पाणी पुन्हा माशांना, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या बारा महिन्यांच्या पाठीवर नकाशे निघाले. ते काकूंपुढे आले तेव्हा काकू गॅलरीत खुर्चीवर बसून ऊन खात होत्या. काकूंनी तीस वर्षं बेकरीत काढलेली. पीठ फुगायची वाट पाहणं हीच नोकरी, त्यामुळे त्यांना घाई म्हणजे काय हे ऐकूनच माहीत.

"यात माझी खुर्ची कुठेय?"

"ही काय, इथे."

"ही तर मोरी आहे."

"तात्पुरती गं."

काम सुरू झालं. निळं पिंप उभं चिरून दोन भाग केले. खालच्या भागात मासे राहणार, वरच्या भागात खडी आणि खडीत पालक, पुदिना. पंप पाणी वर चढवणार, आणि खडी काठोकाठ भिजली की एका नळकांड्यातून गुडगुड करत सगळं पाणी आपोआप खाली येणार. ते नळकांडं जमेपर्यंत खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांना दोनदा अंघोळ घडली. तिसऱ्यांदा जमलं. काका तासभर घड्याळ लावून गुडगुड मोजत राहिले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि ते घालायला आपणच केंद्रातल्या पोरांना शिकवलंय, हे पक्कं ठाऊक. म्हणून हौदाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच भरलं. कुठे कसर ठेवली नाही.

हिशेबी माणूस, म्हणून आधी नमुन्याला दोनच मासे आणले. कोतवाल आणि बाकीचे तिकडेच थांबले.

तिसऱ्या दिवशी खडीवर हात फिरवला तर बुळबुळीत. काकांच्या अंगावर काटा आला. नळाला पाइप लावला, खडी चोळून चोळून धुतली, मोत्यासारखी लखलखीत केली. दोन दिवसांनी एक मासा कुशीवर तरंगताना दिसला. काकांनी अमोनिया तपासायची बाटली आणली. पाण्यात थेंब टाकले. पिवळं राहायला हवं ते हिरवंगार झालं. म्हणजे घाण वाढली. म्हणजे धुतलं पाहिजे. पुन्हा धुतलं. पाणी अर्धं बदललं की दुसरा मासा तेवढ्यापुरता सावरायचा, आणि पुन्हा वर येऊन तोंडाची उघडझाप करायचा. पालकाची पानं पिवळी पडत चालली. काकांचं जेवणात लक्ष नाही, पेपरात नाही. घास तोंडात असताना उठायचे आणि गॅलरीत जायचे. तिकडे महिन्याचे तेरा दिवस उरलेले. ताजी हवा खायला आणलेल्या दोनांतला एक गेला, आता पाच कुठल्या तोंडाने आणायचे?

चौथ्यांदा पाइप हातात घेतला तेव्हा काकू दारात उभ्या होत्या.

"हे रोज काय धुताय?"

"बुळबुळ. हात लावून बघ, कसं झालंय."

काकूंनी हात लावला. मग बोटं नाकाशी नेऊन दोनदा हुंगली.

"अहो, हे नासकं नाहीये. पावसानंतरच्या मातीसारखा वास आहे. हे धरतंय."

"काय धरतंय?"

"आमच्या बेकरीत आंबवणाची बरणी होती. नव्या पोरीने एकदा साबणाने घासून ठेवली. तीन दिवस पाव म्हणजे नुसत्या विटा. घाण खाणारं जे काही असतं ना, ते या खडीत वस्ती करायला बघतंय. आणि तुम्ही रोज त्याचं घर पाडताय, तेही क्लोरीनच्या पाण्याने."

माशाने पाण्याबाहेर तोंड काढलं, मिटलं. चौतीस वर्षांच्या अनुभवाने हौदाचं पाणी उघडं ठेवायचं सुचलं, खडी धुताना मात्र पाइप थेट नळालाच लागला. बुळबुळ दिसली की हात आपोआप तिकडे जायचा.

"मग आता?"

"आता आंबवण आणा. तुमच्या त्या जुन्या टाकीच्या तळाला काही असेल की नाही?"

काका बादली घेऊन केंद्रावर गेले. इंजिनिअरबाईंना वाटलं, मासे न्यायला आले.

"नाही. खालची खडी हवीय. आहे तशी. धुऊ नका."

"काका, तुम्ही? न धुतलेली?"

"थट्टा मागाहून करा, बाई. आधी झाकण द्या."

ती काळपट, शेवाळलेली खडी काकांनी वरच्या वाफ्यात पसरली तेव्हा त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला होता. काकूंनी पाइप काढून घेतला, वेटोळं केलं आणि आपल्या खुर्चीखाली ठेवून वर बसल्या. पहिले काही दिवस हौदातलं पाणी थोडं थोडं बदलायची, तेही दोन दिवस उघडं ठेवलेल्या पाण्याने, तेवढी परवानगी दिली. बाकी हात लावायचा नाही.

चौतीस वर्षांत इतकं अवघड काम काकांनी केलं नव्हतं. ते गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत फिरत. पंपावर कान ठेवत. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर बसत, तर स्टूल हलायला लागे. "तेवढं पान तरी पुसू का?" विचारत, आणि काकू विणकामातून मान वर न करता "नाही" म्हणत. थेंबांचा रंग पहिल्या चार दिवसांत हिरवाच राहिला. पाचव्या दिवशी पोपटी वाटला, पण काकांनी तो उजेडाचा दोष धरला. दहाव्या दिवशी पिवळा. पुन्हा थेंब टाकले. पिवळाच. मासा तळाशी गेला होता आणि वरून येणाऱ्या धारेकडे तोंड करून निवांत उभा होता. पालकाला नवं पान आलं होतं, नखाएवढं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी इंजिनिअरबाई स्वतः डबा घेऊन आल्या. पाच मासे हौदात उतरले. कोतवालाने एक फेरी मारली, फाटका पंख सावरला आणि धारेसमोर जाऊन पहाऱ्याला उभा राहिला, केंद्रात राहायचा तसाच.

बाईंनी वाकून पाहिलं. "काका, पाणी जरा गढूळ नाही वाटत?"

काकांचा हात खुर्चीखालच्या पाइपाकडे गेला. काकू खुर्चीवर नव्हत्या, स्वयंपाकघरात होत्या. हात तिथपर्यंत पोचला, पाइपावर क्षणभर टेकला आणि परत आला.

"वाटतं," काका म्हणाले. "असू दे."

मग पाय हलवत बसून राहिले.