खिडकीतला कप

आमच्या सोलापूरच्या शाळेतले इतिहासाचे सर भजी खायचे ते खालच्या वर्तमानपत्रासाठी. भजी संपली, की तो तेलकट कागद तसाच वर्गात न्यायचे. शेजारच्या वर्गात गणित शिकवताना मला सगळं ऐकू यायचं. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांनी काळ्यांसाठी नळसुद्धा वेगळे ठेवलेत, ही बातमी त्यांनी अशीच वाचली. पण कागद मधेच फाटलेला.

"फुडं काय झालं, सर?"

"फुडचं दुसऱ्याच्या भज्याखाली गेलं की!"

वर्ग हसला. मग एका मुलीनं विचारलं, "सर, मग आपल्या शिपाईमामांचा कप खिडकीत येगळा का?"

सरांनी तो तेलकट कागद घडी घालून खिशात ठेवला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आले, खिडकीतला तो कान तुटलेला कप उचलला, त्यात चहा ओतला आणि फुर्रर्र करून प्यायले.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी सरांचाही कप खिडकीत नेऊन ठेवला होता. सर खूश! खिडकीबाहेर शिपाईमामांशेजारी उभे राहून आम्हाला म्हणाले, "हितं वारं लई गार लागतंय की! आत कसं बसता तुमी?"

आत उकडतच होतं. मी माझा कप घट्ट धरून बसलो.